छत्तिसाव्या आठवड्यापासून: बाळंतपणाच्या तयारीसाठी चिनी सुया आणि घरच्यांची बोटं

पहिल्या खेपेला मी दक्षिण जर्मनीत होते. छत्तिसावा आठवडा लागला, तशी माझी हेबामे, म्हणजे तिकडची शिकलेली सुईण, वही उघडून म्हणाली, "पुढच्या मंगळवारपासून सुया सुरू करू." सांगलीहून माझ्या बाळंतपणासाठी आलेली आई हे ऐकून चांगलीच घाबरली. "अगं, दिवस भरत आलेल्या बाईला कसल्या सुया टोचतात?"

जर्मनीत डॉक्टर असले तरी प्रत्येक बाळंतपणाला सुईण हजर हवी, असा कायदा आहे. या सुइणींपैकी बऱ्याच जणी चिनी अ‍ॅक्युपंक्चर शिकलेल्या असतात. मॅनहाइमच्या स्त्रीरुग्णालयात आखलेली एक पद्धत त्यांच्यात रूढ आहे: ३६व्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा, पायांवरच्या मोजक्या बिंदूंवर सुया. न्यूझीलंडमध्येही सुइणी हेच करतात. मूळ विद्या चीनची, पण बाळंतपणाआधीच्या तयारीची ही साप्ताहिक घडी अलीकडच्या काळात याच देशांत बसली.

मी हे सगळं दोनदा केलं. एकदा जर्मनीत, दुसऱ्यांदा पुण्यात. आता मैत्रिणी आणि बहिणी विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

यातून काय मिळतं, काय नाही

सुया टोचल्या म्हणून ठरल्या तारखेला कळा येत नाहीत आणि सिझर टळेल अशी खात्रीही कुणी देऊ शकत नाही. कळा आणण्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर किंवा अ‍ॅक्युप्रेशर (त्याच बिंदूंवर सुयांऐवजी बोटांचा दाब) वापरलेल्या २२ चाचण्यांचा आढावा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये घेतला. त्यात जवळपास साडेतीन हजार बायका होत्या. सिझरचं प्रमाण कमी झाल्याचं स्पष्ट दिसलं नाही. अ‍ॅक्युपंक्चरने गर्भाशयाचं तोंड मऊ व्हायला थोडी मदत होते, असा काहीसा पुरावा मिळाला. २०२० च्या आढाव्यात कळांच्या वेदनांचा विचार होता, चाचण्या २८ होत्या. तिथे चित्र बरं होतं. अ‍ॅक्युप्रेशरने वेदनेची तीव्रता कमी होऊ शकते, असं त्यात निघालं.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सिडनीच्या दोन रुग्णालयांतला अभ्यास. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात १७६ पहिलटकरणी होत्या. निम्म्या जणींना सोबत्यासह दोन दिवसांचं शिक्षण दिलं: अ‍ॅक्युप्रेशर, श्वास, मालिश, योग, मनातली चित्रं, आणि सोबत्याने नेमकं काय करायचं ते. त्या गटात सुमारे २४ टक्के बायकांनी एपिड्युरल, म्हणजे वेदना थांबवण्यासाठी पाठीतून दिलं जाणारं औषध, घेतलं, दुसऱ्या गटात सुमारे ६९ टक्क्यांनी. सिझर १८ टक्के विरुद्ध ३२ टक्के. हे श्रेय एकट्या अ‍ॅक्युप्रेशरचं नाही, सगळ्या तयारीचं मिळून आहे. पण बाईच्या शेजारी बसलेल्या माणसाला हातांनी काय करायचं ते ठाऊक असलं, तर कळांचे तास निराळे जातात, हे मी स्वतः अनुभवलं आहे. म्हणून या लेखात सुयांपेक्षा बोटांवर जास्त लिहिलं आहे. सुया आठवड्यातून एकदा, तज्ज्ञाकडे. बोटं रोज, घरी.

पहिली पायरी: डॉक्टरांना सांगा, मग माणूस शोधा

हे काम लपूनछपून करू नका. वार खाली असेल, पोटात जुळं असेल, रक्तस्राव झाला असेल, रक्तदाब वाढलेला असेल, आधी वेळेपूर्वी बाळंतपण झालं असेल, आधीचं सिझर किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय कळांचे बिंदू (ते पुढे दिले आहेत) दाबायचे नाहीत आणि सुयाही लावून घ्यायच्या नाहीत.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी करणारी परिषदही आहे. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. दुसरा प्रश्न: गर्भवतींवर उपचार करण्याचा अनुभव किती? तिसरा: सुया एकदाच वापरून टाकायच्या, बंद पाकिटातल्या आहेत का? पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. पुण्यात मी गेलेल्या पहिल्या ठिकाणी "आमच्या सुया आम्ही उकळून घेतो" असं उत्तर आलं. मी चपला घातल्या आणि निघाले.

चीन आणि वैद्यक म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणण्याचं श्रेय मात्र त्याच पथकातले त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांना जातं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी कोलकात्यात काम सुरू केलं.

३३ ते ३५ आठवडे: बाळ पायाळू असेल तर

सोनोग्राफीत बाळाचं डोकं वर दिसलं, तरच ही पायरी. नाहीतर पुढच्या भागाकडे जा.

पायाच्या करंगळीच्या नखाचा बाहेरचा कोपरा, तिथे जियिन नावाचा बिंदू आहे. नकाशांत तो 'बीएल ६७' म्हणून सापडेल. या बिंदूला मोक्साची ऊब देतात. मोक्सा म्हणजे वाळवून कुटलेल्या पानांची, अंगठ्याएवढी जाड कांडी. ही वनस्पती दवण्याच्याच कुळातली, जोतिबाला वाहतात त्या दवण्याची चुलतबहीण म्हणा ना. चीनच्या ज्यांगशी प्रांतात ३३व्या आठवड्यातल्या २६० पहिलटकरणींवर याची चाचणी झाली आणि ती १९९८ मध्ये छापून आली. मोक्सा घेतलेल्या १३० पैकी ९८ जणींचं बाळ ३५व्या आठवड्यापर्यंत डोक्यावर आलं, म्हणजे डोकं खाली झालं, न घेतलेल्या १३० पैकी ६२ जणींचं. युरोपात झालेल्या काही चाचण्यांत असा फरक दिसला नाही. तरी २०२३ च्या कोक्रेन आढाव्यानुसार, नेहमीच्या देखभालीला मोक्साची जोड दिली तर जन्माच्या वेळी बाळ पायाळू असण्याची शक्यता बहुधा कमी होते.

पहिल्यांदा तज्ज्ञाकडूनच शिकून घ्या, मग घरी दुसऱ्या कुणीतरी कांडी धरायची. तुम्ही सैल कपड्यांत, पाठीमागे उशा घेऊन, अर्धवट रेलून बसा. जळतं टोक कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. छान ऊब लागली पाहिजे, चटका नाही. चटका बसतोय असं वाटताच "लांब" म्हणा. प्रत्येक पायाला १५ मिनिटं, दिवसातून एक-दोनदा, सात ते दहा दिवस. धूर बराच होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा. दम्याचा त्रास असेल तर हे करू नका. शेजारी पाण्याची वाटी ठेवा. कांडी विझली असं वाटलं तरी आत ती धुमसत असते, म्हणून वाळूत खोचून ठेवायची.

या काळात बाळ जास्त हालतं. जोरात वळल्यासारखं वाटलं तर थांबा आणि डॉक्टरांकडून स्थिती बघून घ्या, कारण बाळ डोक्यावर आल्यावर मोक्सा चालू ठेवायचा नसतो. वळलं नाही, तरी ३६-३७ आठवड्यांच्या सुमारास डॉक्टर हातांनी बाळ वळवण्याचा प्रयत्न करू शकतात. त्याची चौकशी आधीच करून ठेवा.

३६व्या आठवड्यापासून: सुया

आठवड्यातून एकदा, एकूण चार-पाच बैठका. उपाशीपोटी जाऊ नका. पोळीभाजी खाऊन जा, लघवी करून बसा. पाठीवर सपाट झोपवत असतील तर नको म्हणा. शेवटच्या महिन्यांत तसं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि घेरी येते. डाव्या कुशीवर किंवा रेलून बसणं बरं.

सुई केसाहून थोडी जाड. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग तिथे जडपणा येतो, कधी बोथट कळ पायभर पसरते. चिनी वैद्य या जाणिवेला 'ची आली' म्हणतात; ची म्हणजे त्यांच्या मते अंगात वाहणारी प्राणशक्ती. लखकन दुखलं तर मात्र सांगा, सुई थोडी बाहेर घेतात. २० ते ३० मिनिटं सुया तशाच राहतात.

मॅनहाइमच्या पद्धतीतले बिंदू असे: गुडघ्याखाली नडगीच्या बाहेर झूसानली, तिथून बाहेर छोट्या हाडाच्या डोक्यापुढे यांगलिंगछ्वान, आतल्या घोट्याच्या वर सानयिनज्याओ आणि पायाच्या करंगळीचा जियिन. हा शेवटचा बहुतेक सुइणी पुढच्या आठवड्यांत जोडतात. चिनी वैद्यकाच्या भाषेत यामागचा विचार सोपा आहे: वाहणारं वाहतं राहू द्यावं, आणि बाईच्या अंगात रक्त आणि बळ साठवावं. आपल्याकडे नवव्या महिन्यात बाईला मोकळं आणि निवांत ठेवायचा आग्रह असतो, त्याच्याशी हे जुळतं.

माझ्यापुरता सर्वांत खरा परिणाम झोपेवर झाला. मंगळवारची रात्र मी सलग झोपायचे. पाठ दुखणं, पायांची सूज, मनातली धाकधूक, सगळं त्या सुइणीला सांगायचे आणि ती त्याप्रमाणे एखादा बिंदू वाढवायची. तुम्हीही सांगा. मोजून चार सुया लावून गप्प उठवणारा माणूस भेटला, तर दुसरा शोधा.

३७ आठवडे पूर्ण झाल्यावर: सोबत्याची शिकवणी

सानयिनज्याओ, हेगू, जियिन, खुनलुन, ज्येनचिंग आणि छिल्याओ हे बिंदू ३७ आठवड्यांआधी घरी बोटांनी दाबायचे नाहीत (आधी सांगितलेली मोक्साची ऊब आणि तज्ज्ञाच्या सुया यांची गोष्ट वेगळी). हा दंडक जुना आहे. चीनमधल्या पाचव्या शतकातल्या लिउ-सोंग राजवटीची कथा सांगतात. तरुण राजा एका गर्भवतीची नाडी पाहून म्हणाला, मुलगी आहे. वैद्य श्यू वनपो म्हणाले, एक मुलगा, एक मुलगी. राजा पोट फाडून बघायला निघाला. बाईचा जीव वाचवण्यासाठी वैद्यांनी हेगू आणि सानयिनज्याओ यांवर सुया लावल्या आणि गर्भ बाहेर आला. तेव्हापासून हे दोन बिंदू गर्भवतीला वर्ज्य, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवतात.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं सोबत्याला घेऊन बसा. सोबती नवरा असेल, आई असेल, नणंद असेल, कुणीही चालेल. आत्ता जोर लावायचा नाही, जागा सापडायला शिकायचं. अंतर मोजताना दाबणाऱ्याची नव्हे, गर्भवतीचीच बोटं धरायची. शरीर तिचं, म्हणून माप तिचं. जागा सापडली की खळगा लागतो आणि दाबल्यावर आजूबाजूच्यापेक्षा जास्त दुखतं. बॉलपेनने खूण करून ठेवा.

*छिल्याओ.* मला विचाराल तर सगळ्यांत उपयोगी हाच. कंबरेच्या खालच्या चपट्या हाडात दोन्ही बाजूंना छोटी छिद्रं असतात, त्यांतलं वरून दुसरं. दोन्ही ढुंगणांमधली फट जिथे सुरू होते, तिथून तिच्या तर्जनीएवढं वर, आणि मणक्यापासून अंगठ्याच्या रुंदीएवढं बाजूला. दोन्हीकडे एकदम, मुठीच्या गाठींनी, सोबत्याने आपला भार टाकून दाबायचं. तिने ओट्याला किंवा पलंगाच्या कठड्याला हात टेकून पुढेमागे झुलायचं. कळ चढते तेव्हा दाब वाढवा, उतरते तेव्हा सोडा.

*ज्येनचिंग.* नावाचा अर्थ 'खांद्यावरची विहीर'. मानेच्या मोठ्या मणक्यापासून खांद्याच्या टोकापर्यंतचा मध्य, स्नायूच्या सर्वांत उंच जागी. कळ सुरू होताना अंगठ्यांनी किंवा कोपराने सरळ खाली दाबायचं. खांदे वर चढलेले असतात ते खाली येतात, श्वास मोकळा होतो.

*सानयिनज्याओ.* 'तीन यिन मार्गांचा संगम.' आतल्या घोट्याच्या उंच टोकावर तिची करंगळी टेकवून चार बोटं आडवी ठेवा. तर्जनीच्या वरच्या कडेला, नडगीच्या हाडामागे. एका पायावर मिनिटभर, मग काही वेळाने दुसऱ्या. कळा मंदावल्या तर हा आठवा.

*हेगू.* अंगठा आणि तर्जनीच्या मधला फुगीर भाग, तर्जनीच्या हाडाच्या बाजूला. हातात सलाईन असेल तर दुसरा हात घ्या.

*खुनलुन.* बाहेरचा घोटा आणि टाचेमागची जाड शीर यांच्यामधला खळगा. बाळ खाली सरकायला वेळ लागत असेल तेव्हा.

*योंगछ्वान.* 'उसळता झरा.' तळपायावर, बोटांकडून एक तृतीयांश अंतरावर, पाय दुमडल्यावर खळगा पडतो तिथे. घाबरी झालेली बाई याने जमिनीवर येते. हा कधीही दाबायला चालतो, नवव्या महिन्याच्या रात्रीही.

*नेइक्वान.* मनगटाच्या आतल्या सुरकुतीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधे. मळमळीसाठी. हाही आधीपासून चालतो.

आणि एक लाकडी फणी पिशवीत टाका. कळ आली की दात तळहातावर, बोटांच्या मुळाशी टेकतील अशी धरून मूठ आवळायची. जर्मनीत मी प्लास्टिकचा कंगवा नेला होता, तो मोडला.

कळा सुरू झाल्यावर

सुरुवातीच्या, दहा-पंधरा मिनिटांनी येणाऱ्या कळांत काहीच दाबायची घाई करू नका. जेवा, झोपा. सोबत्याचे अंगठे आत्ताच थकले तर पुढे कोण? कळा पाच मिनिटांवर आल्या की खांद्यांपासून सुरू करा, पाठीत कळ येऊ लागली की छिल्याओ. माझ्या वेळी छिल्याओवर सात तास काम चाललं. नवरा आणि आई आळीपाळीने. सुयांना घाबरलेली आईच शेवटी माझ्या कंबरेवर भार टाकून उभी होती.

दाब पुरेसा आहे का, हे फक्त बाळंतीण सांगू शकते. "जोरात", "खाली", "नको" असे तीन शब्द ठरवून ठेवा, कारण तेव्हा वाक्यं सुचत नाहीत. काही जणींना एका टप्प्यावर कुणाचा स्पर्शही नकोसा होतो. सोबत्याने ते मनाला लावून घेऊ नये. फणी हातात द्यावी आणि जवळ बसावं.

बाळ बाहेर येण्याच्या वेळी मोजकंच: खुनलुन, आणि भीती वाटली तर योंगछ्वान. एपिड्युरल घेतलं तरी खांदे आणि हात दाबता येतात. एपिड्युरल घेणं म्हणजे तयारी वाया गेली, असं मुळीच मानू नका.

हे सगळं करायला सोबती आत हवा, आणि आपल्याकडे अडचण तिथेच येते. सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एक स्त्री सोबतीण आत असू द्यावी, अशी सूचना केंद्र सरकारने २०१६ मध्ये दिलेली आहे. खासगी ठिकाणी जो तो आपला नियम लावतो. तेव्हा सातव्या महिन्यातच विचारा: आत कोण येऊ शकतं, किती वेळ, कळांत उभं राहून झुलता येईल का? आत फक्त बाईच चालणार असेल, तर शिकवणी नवऱ्याला न देता आईला किंवा बहिणीला द्या.

बिंदू शोधत बसायची वेळ नसते, अशी लक्षणं पाठ करा: बाळाची हालचाल कमी होणं, रक्त जाणं, पाणमोट फुटून हिरवट किंवा तपकिरी पाणी येणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे ठिपके दिसणं, ताप, तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज. यांतलं काहीही झालं की थेट दवाखाना. तारीख उलटून गेली म्हणून बिंदू दाबत घरी दिवस काढणंही चूक. ४१व्या आठवड्यात कळा आणण्याबद्दल डॉक्टर जे सांगतील ते ऐका. दाबणं त्याच्या जोडीला चालू ठेवता येतं.

काढे आणि गोळ्या

इथे मी कडक आहे. चिनी वनौषधी बाळंतपणाआधी स्वतःच्या मनाने, ऑनलाइन मागवून घेऊ नका. आपल्याकडची करडई तेलासाठी, पण तिची वाळलेली फुलं चिनी वैद्यकात रक्त हलवणारं औषध म्हणून देतात आणि गर्भवतीला ती वर्ज्य आहेत. १९९० च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी दुसरीच, विषारी, मिसळली गेली आणि शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडं बिघडली. बाटलीवर काय लिहिलंय आणि आत काय आहे यांत असा फरक पडू शकतो.

बाळंतपणानंतर चिनी घरांत 'महिना बसवतात'. बाळंतिणीने बाहेर पडायचं नाही, थंड खायचं नाही, आल्याचा भरपूर वापर करायचा. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपलंच की हे." शेगडी, ओवा, डिंक, अळीव, सव्वा महिना. त्यामुळे आल्याचं गरम सूप मी आनंदाने प्यायले. 'शंगहुआ थांग' या बाळंतकाढ्याला मात्र डॉक्टरांना विचारून नाही म्हटलं. त्यातलं तांगक्वेइ हे मूळ रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या आड येतं, आणि मला तेव्हा ती इंजेक्शनं चालू होती.

एक बिंदू मात्र बाळंतपणानंतरही कामाला येतो. बाळ छातीशी असताना दूध उतरायला वेळ लागला, तर कुणीतरी मागे उभं राहून खांद्यावरची विहीर, ज्येनचिंग, हलकेच दाबावी. आईने हे शिकून घेतलं आणि सांगलीला परत जाईपर्यंत पहाटेच्या प्रत्येक पाजण्याला ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.